घरबसल्या मोटर

अंगणवाडीत नवं पोर आलं की चार दिवसांत त्याच्या आईची तक्रार ठरलेली. "बाई, मोबाईल लावल्याबिगर घासच घेत न्हाई ओ हे." मी तिला तिथंच उंबऱ्यावर बसवते अन् विचारते, मोबाईल ह्याच्या हातात पहिल्यांदा दिला कुणी? आभाळातनं पडला का? मग मी सांगते, उद्यापासून घरात सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं आणि जेवणाच्या वेळेला तुझासुद्धा मोबाईल डब्यात. पोर थोडे दिवस आकांत करतं, भांडी आपटतं, आणि एक दिवस खिचडीचं ताट चाटूनपुसून स्वच्छ करतं. वडगाव रासाईत मी इतकी पोरं सोडवलीत की आता मला त्यात काही अवघड वाटत नाही. पोर सुटतं. आईच सुटत नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या ओसरीवरच होता. माझ्या घरातलं पोर साठीला आलेलं होतं, त्याला पांढऱ्या मिशा होत्या, आणि ते माझं काडीचं ऐकत नव्हतं. आमचे मालक हो, दुसरं कोण.

तसे हे पहिल्यापासून असे नव्हते. उभं आयुष्य उसात आणि कांद्यात काढलेला माणूस. आमचं रान नदीच्या अंगाला. वाटण्या झाल्या तेव्हा रान वेगळं झालं, चुली वेगळ्या झाल्या, पण भीमेवरची मोटर तेवढी ह्यांच्यात आणि ह्यांच्या थोरल्या भावात सामाईक राहिली. थोरल्या दिरांना सगळं घर आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून. दिवसाची लाईट असली की सकाळी दोघं भाऊ चालत नदीला जायचे, मोटर चालू करायचे, आणि पाणी वर पोचेपर्यंत तिथंच लिंबाखाली बसायचे. आजूबाजूचे मोटरवालेही यायचे. कुणाची पाळी आधी, कुणाचा ऊस वाळतोय, कुणाच्या पोरीचं स्थळ मोडलं, सगळं तिथंच निपटायचं. ह्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, रोज चालता का? हे म्हणाले, नदीला जातो. डॉक्टर म्हणाले, मग तेच चालू ठेवा, त्याच्यासारखी गोळी नाही.

एका पावसाळ्यात नदीच्या उतारावर ह्यांचा पाय घसरला. फार काही नाही, गुडघा सोलवटला. पण थोरला पोरगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, त्याच्या डोक्यात नवंनवं भरलेलं. सुट्टीला आला तो एक पेटी घेऊनच. मोबाईल स्टार्टर. म्हणाला, "दादा, आता खाटेवर बसून मोटर चालू करायची. फोन लावायचा, बटन दाबायचं, झालं. आन् लाईट आली की पेटीच तुम्हाला मेसेज टाकती." बापाची काळजी म्हणूनच केलं त्यानं, त्याला मी बोल लावत नाही. नदीवर स्टार्टर न् केबली चोरीला जातात म्हणून पेटीला कुलूपही घातलं. किल्ली आमच्या घरात, देवळीत.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. नदीवरच्या कामाचा आमच्याकडं एक रिवाज आहे, सासऱ्यांनी घालून दिलेला. पाण्यात जो उतरेल त्यानं आधी मोटरचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही. लाईट असो नसो, आधी फ्यूज खिशात, मग पाय पाण्यात. फ्यूज त्याच पेटीत, म्हणून पेटीला कुलूप बसलं त्या दिवशी हा रिवाज मोडला, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. सगळे आपले खूष. गावातली माणसं बघायला आली. ह्यांनी सगळ्यांसमोर खाटेवरनं मोटर चालू करून दाखवली आणि लांबवर उसात पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा असे हसले की जणू गंगाच ह्यांनी खाली आणली.

झालं. नदीला जाणं सुटलं.

पहिल्यांदा सकाळी थोडा वेळ नुसते बसून राहायचे, हातपाय चाळवायचे, जाऊ का नको करायचे. मग मोबाईल हातात आलेलाच होता, तर त्यात बैलगाड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. घाटात बैल सुटतात, धूळ उडते, माणसं ओरडतात. एक संपला की दुसरा. मग कुणीतरी लुडो शिकवला. आपला लहानपणीचा सोंगट्यांचाच खेळ, पण समोर माणूस नाही. कुठला तरी कोण, कोण जाणे, बंगालातला का बिहारातला, त्याच्याशी हे पैज लावल्यासारखे भांडायचे. "ह्या भाड्याला आज घरला पाठवतो बघ!" मी चुलीपासनं ओरडायची, अहो, तो आपल्या घरीच आहे, तुम्ही तुमचं घर बघा! पण नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

शेजारचा कांद्याच्या रोपाचं विचारायला आला, तर ह्यांनी मान वर न करता 'हूं' केलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि चपला घालून गेला. पुन्हा आला नाही. अशी किती माणसं गेली त्याचा हिशोब मी ठेवला नाही, पण आमच्या ओसरीवर पूर्वी चहाचं पातेलं उतरत नव्हतं, ते उतरलं. मला चहाचा त्रास वाचला म्हणून मी काही आनंदानं नाचले नाही. घर ओस पडतं तेव्हा बाईला आधी कळतं.

आणि अब्रूचं तर विचारूच नका. माझ्या माहेरी, खुटबावला, चुलत्यांचा दहावा होता. घाटावर मंडप, सगळी भावकी जमलेली, पुढारी मंडळी माईक धरून श्रद्धांजली वाहत होती. सगळीकडं शांत. आणि ह्यांच्या खिशातनं फाशाचा आवाज आला. खुळ्ळक, खुळ्ळक. वर एक बाई इंग्रजीत काहीतरी गोड बोलली. माझा भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मी नाही, ह्यांनी आत जावं. घरी आल्यावर मी जे तोंड सोडलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. दोन दिवस मोबाईल बाजूला राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुत्र्याचं शेपूट वाकडंच.

शरीर काय गप बसतं होय? मान एका अंगाला धरली, पट्टा आला. डोळ्यांतनं पाणी. रात्री झोप नाही म्हणून दिवसा डुलक्या. पोट सुटलं, साखर चढली, तळपायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या, ह्यांनी निमूटपणे घेतल्या. गोळी घ्यायला उठावं लागत नाही ना. गावात सगळे म्हातारे पोरांच्या नावानं बोंब मारतात, मोबाईलनं पिढी बिघडली म्हणून. मी म्हणते, आधी पारावर जाऊन बघा. चार म्हातारे एका ओळीत बसलेत, चौघांच्या माना खाली, आणि चौघांतला एकही जण शब्द बोलत नाही. पोरांना सांगायला आई आहे, बाई आहे, मास्तर आहे. ह्यांना कुणी सांगायचं?

आबा तेवढे नदीला जात राहिले. त्यांच्याकडं साधा बटनाचा फोन. मोटर घरातनं चालू होते, तरी जायचे. नदीला जलपर्णी आली की मोटरच्या पाइपाच्या तोंडाशी तिचा गोळा अडकतो, पाणी कमी पडतं, तो काढायला लागतो. ते काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. जाताना आमच्या ओसरीसमोर पाऊल जरा हळू पडायचं. "येतो का रं?" म्हणायचे. हे म्हणायचे, "व्हा पुढं, आलोच." आलोच म्हणजे नाहीच, हे मलाही कळायचं आणि आबांनाही. नंतर नंतर त्यांनी विचारायचंही सोडलं.

त्या दिवशी रविवार होता, अंगणवाडीला सुट्टी. मी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होते. हे खाटेवर, पाय पसरून, लुडो रंगात. लाईट गेलेली होती. फोन वाजला. मी बसले होते तिथनं मला पडद्यावर नाव दिसलं, आबा. ह्यांनी अंगठ्यानं फोन कापला. मी म्हटलं, अहो, आबांचा आहे! तर म्हणाले, "करतो की नंतर. शेवटची सोंगटी राहिलीय." मी पुन्हा तांदळात डोकं घातलं. थोड्या वेळानं मोबाईल टिंग करून वाजला, लाईट आली म्हणून पेटीचा निरोप. ह्यांनी बघितलं न बघितलं, सवयीनं बटन दाबलं, मोटर चालू केली, आणि परत फासा टाकला.

नदीकडनं आरडाओरड आली तोवर ह्यांची सोंगटी घरात पोचली होती.

आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पाइपाचं तोंड खांद्यावर उचलून धरलेलं आणि दुसऱ्या हातानं जलपर्णी उपसत होते. मोटर सुरू झाली, पाइपानं हिसका दिला, आबा पाइपाखाली गेले. नशीब म्हणा, देव म्हणा, जाळं टाकायला आलेला एक बिहारी माणूस होडीत होता. त्यानं उडी मारली. आम्ही पोचलो तेव्हा तो त्यांना काठावर पालथं घालून पाठ चोळत होता आणि आमच्यावर ओरडत होता, "चाचा अंदर है और मोटर किसने चालू किया? किसने किया?"

खांदा निखळला, मनगटाचं हाड मोडलं. शिरूरला दवाखान्यात नेलं. जाऊबाईंच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. सगळी भावकी जमली आणि जो तो विचारायला लागला, आबांनी पाण्यात उतरायच्या आधी फोन केला नव्हता का? मोटर लावू नको म्हणून? हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "केला आसंल. फोन आत चार्जिंगला लावलेला. मला आवाजच न्हाई आला."

मी ऐकलं. माझ्या जिभेवर आलं होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. चार माणसांत नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे मी ठरवलं आणि तोंड मिटलं. घरी येईपर्यंत मिटलं. घराचं दार लागलं आणि मी उघडलं.

"चार्जिंगला होता?"

"तू गप बस."

"मी गप बसायला जन्माला आलेली नाही. तुमच्या हातात होता. मी नाव वाचलं, मी सांगितलं तुम्हाला. सख्ख्या भावाचा फोन कापला तुम्ही, त्या कोण कुठल्या सोंगटीपायी!"

"मग काय करू? जाऊन सांगू त्याला? आयुष्यात तोंड बघंल का माझं?"

"आता तरी कुठं बघतायत!"

हे खरंच होतं, दवाखान्यातही आबांनी ह्यांच्याकडं बघितलं नव्हतं. आबा दवाखान्यातनं घरी आले ते ओट्यावर बसायला लागले, हात गळ्यात बांधलेला, आणि तोंड रस्त्याकडं. आमच्या ओसरीकडं नाही. हे अंगणात आले की आबा आत जायचे. जाऊबाईंचं न् माझं बोलणं चालू होतं, कालवणाची वाटी जात-येत होती, पण वाटी देतानाही आम्ही दोघी खालीच बघायचो. गावात बोलणं सुरू झालं, आता मोटरही वाटणार, कोर्टकचेरी होणार. मला मोटरीचं काही पडलेलं नव्हतं. आई गेल्यावर ह्या आबांनीच मालकांना वाढवलं. बापासारखा भाऊ भिंतीपलीकडं बसलाय आणि ह्या माणसाला त्याला हाक मारता येत नाही. हे असंच राहिलं तर एक दिवस दोघांतला एक जाईल आणि दुसऱ्याला खांदा द्यायचंसुद्धा तोंड उरणार नाही. मला तेवढंच दिसत होतं, आणि त्याची मला भीती वाटत होती.

आणि हे काय करत होते? खेळत होते! पूर्वीपेक्षा जास्त. शरम वाटली की माणूस कुठंतरी तोंड लपवतो, ह्यांना लपवायला ती चकचकीत चौकट मिळाली होती. जेवताना एक हात ताटात, एक मोबाईलवर. आमच्या अंगणवाडीतलं पोर तरी भरवल्यावर गिळतं.

मी सरळ देवळीतली किल्ली घेतली, नदीवर गेले, पेटी उघडली आणि तिच्यातलं सिम काढून आणलं. मला ते कसं काढायचं हेही ठाऊक नव्हतं, सेफ्टी पिनेनं उचकटलं. घरी येऊन म्हटलं, "ऊस जगवायचा असेल तर चालत जायचं." पोराला फोन करून सांगितलं, ही पेटी पुन्हा सुरू केलीस तर गाठ माझ्याशी आहे. तो म्हणाला, आई तू सांगशील तसं.

हे जायला लागले, पण कसे? सरळ वाट आबांच्या ओट्यावरनं दिसते. हे मागच्या अंगानं, दुसऱ्याच्या उसातनं, पाचटात पाय अडकवत जायचे आणि तसेच यायचे. पायांवर ओरखडे. साखरेच्या माणसानं पाय असे फाडून घ्यायचे म्हणजे मरणाला आवतणच. मी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते पाय धुवायला बसले तेव्हा तांब्यानं पाणी घालता घालता मी सांगितलं, अगदी हळू सांगितलं, माझा आवाज हळू झाला की ह्यांना जास्त भीती वाटते.

"उद्या सकाळी तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर मी सांगणार आहे. आणि मी सांगितलं तर ते कायमचं माझं सांगणं होईल, तुमचं व्हायचं राहूनच जाईल."

ह्यांनी पाय पुसले. जेवले नाहीत धड. पण मोबाईल त्या संध्याकाळी कुठं होता ते मला आठवत नाही, म्हणजे हातात नसणार.

सकाळी हे पुढच्या दारानं निघाले. मी चार पावलं मागं. आबा ओट्यावर बसलेले, जाऊबाई त्यांच्या डाव्या हातात चहाचा कप देत होत्या. हे दिसल्याबरोबर आबा उठायला लागले.

"आबा, बसा. फोन चार्जिंगला नव्हता." हे एका दमात म्हणाले. "माझ्या हातात होता. मी कापला. लुडो खेळत होतो."

मला वाटलं आता कप फुटतोय. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा पुन्हा बसले, सावकाश.

"ठाऊक हाय मला," आबा म्हणाले. "चार्जिंगला लावलेला फोन वाजून वाजून दमतो. तुझा दोन रिंगांत कटला. म्हाताऱ्याला काय तेवढं बी कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाई इतकं दिस? सगळ्यांफुडं बोलायचं. मारायचं मला."

"मी बोलून काय? तू कवा बोलतोय ते बघत व्हतो."

हे रडायला लागले. मी इतक्या वर्षांत ह्यांना रडताना बघितलं नव्हतं, सासऱ्यांच्या तिरडीमागंसुद्धा नाही. "मला वाटलं बी न्हाई आबा, तुम्ही पाण्यात असाल. फोन घेतला असता तर किल्ली घेऊन पळत आलो असतो. फ्यूज काढला असता तुम्ही. हे झालंच नसतं."

"किल्ली?" आबांनी ह्यांच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं इतक्या दिवसांत. "आरं, लाईटच नव्हती तवा. किल्ली कशाला मागू मी?"

"मग मोटर लावू नको म्हणायला केलता ना?"

"न्हाई."

"मग कशाला केलता फोन?"

आबांनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला असणार.

"ये म्हणायला," ते म्हणाले. "एकट्याला करमत न्हाई रं तिथं."

मालक ओट्याच्या खाली मातीतच बसले. जाऊबाई ह्यांच्यासाठी चहा आणायला म्हणून आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.